सेंद्रिय सौरघटांतील धातुकण : एका श्रेयाची छाननी

सोन्याचे अथवा चांदीचे अतिसूक्ष्म कण सेंद्रिय सौरघटात घातले असता त्याची कार्यक्षमता वाढते, हे विधान आता जवळजवळ पाठ्यपुस्तकी झाले आहे. प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणात ते सिद्ध गोष्टीप्रमाणे येते आणि पुढील प्रकरणांतून त्याला आणखी एक दाखला जोडला जातो. प्रस्तुत लेखात या विधानाची छाननी करावयाची आहे. ते खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. कार्यक्षमता वाढल्याचे अनेक ठिकाणी खरोखरच मोजले गेले आहे. प्रश्न आहे तो ती वाढ कशामुळे होते, आणि तिचे श्रेय ज्या 'प्लाझ्मॉन' नावाच्या कारणाच्या पदरात घातले जाते त्याचा त्यावर कितपत हक्क आहे, हा.

आधी सेंद्रिय सौरघटाची मूळ अडचण सांगितली पाहिजे, कारण संशोधकांना धातुकणांची आठवण झाली ती त्या अडचणीपायीच. १९८६ मध्ये टँग यांनी कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत दोन रंगद्रव्यांचे अतिशय पातळ थर एकावर एक चढवून जो घट तयार केला, त्याची कार्यक्षमता सुमारे १ टक्का होती. सिलिकनमध्ये प्रकाश शोषला गेला की मोकळे विद्युत्‌भार मिळतात. सेंद्रिय द्रव्यात तसे होत नाही. तेथे ऋणभार व धनभार एकमेकांना बांधलेले असे जोडपे निर्माण होते. त्याला एक्सायटॉन म्हणतात. हे जोडपे साधारणपणे १० नॅनोमीटर एवढेच अंतर चालू शकते. तेवढ्यात त्याला दुसऱ्या द्रव्याची सीमा भेटली तर ते फुटते व भार मोकळे होतात. न भेटली तर त्याची ऊर्जा वाया जाते. उलट, प्रकाश पुरेसा शोषून घ्यावयाचा तर थराची जाडी १०० नॅनोमीटरच्या आसपास तरी हवी. १० आणि १०० यांचा मेळ कसा घालावयाचा? १९९५ मध्ये यू, हीगर प्रभृतींनी बहुवारिक आणि फुलरिन यांना स्वतंत्र थरांत न ठेवता एकाच थरात कालवून टाकले, म्हणजे कोठेही जोडपे निर्माण झाले तरी सीमा हाताशीच राहिली. ही युक्ती इतकी यशस्वी झाली की पुढील बहुतेक घट याच पद्धतीने बनू लागले. परंतु कालवलेल्या द्रव्यातून भारांना वाट काढणे कठीण जाते. थर जाड केला तर विद्युत् अग्रांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच विरुद्ध भार एकमेकांत विलीन होतात. पातळ ठेवला तर प्रकाश न शोषला जाताच निघून जातो. थराची जाडी न वाढविता त्यातील प्रकाश वाढविता आला तर किती बरे, असे वाटणे या परिस्थितीत स्वाभाविकच होते.

धातूंच्या सूक्ष्म कणांचे प्रकाशाशी असलेले नाते जुने आहे. फॅरेडे यांनी १८५७ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात सोन्याच्या माणकासारख्या लाल कलिलाचे विवेचन केले होते. त्यांच्या काही कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेल्या आहेत. १९०८ मध्ये मी या जर्मन शास्त्रज्ञाने अशा कणांचे प्रकीर्णन व शोषण मॅक्सवेलच्या समीकरणांवरून काढून दाखविले. कणातील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीबरोबर एकत्र झुलतात आणि एका विशिष्ट तरंगलांबीला त्यांचे अनुस्पंदन होते. पाण्यातील सोन्याच्या लहान गोल कणांना ही तरंगलांबी सुमारे ५२० नॅनोमीटर, चांदीच्या कणांना सुमारे ४०० नॅनोमीटर इतकी असते. भोवतालच्या द्रव्याचा प्रणमनांक वाढला की ती तांबड्या बाजूकडे सरकते. अनुस्पंदनाच्या वेळी कणाच्या अगदी जवळचे विद्युत्‌क्षेत्र अनेक पटींनी वाढते, परंतु कणाच्या त्रिज्येएवढ्या अंतरावर जाता जाता ते झपाट्याने ओसरतेही. कणाने अडविलेल्या प्रकाशाच्या वाट्याला दोन गोष्टी येतात : एक तर तो धातूतच शोषला जाऊन उष्णता होतो, किंवा इतस्ततः फेकला जातो. शोषण कणाच्या घनफळाच्या प्रमाणात वाढते, प्रकीर्णन घनफळाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून लहान कण मुख्यतः प्रकाश गिळतो आणि मोठा कण मुख्यतः फेकतो. पुढील चर्चेत या गोष्टीचा विसर पडू देता कामा नये, कारण ज्यांच्या लेखांची आपण चर्चा करणार आहोत त्यांपैकी काहींना तो पडलेला दिसतो.

या संदर्भात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एका कामाची आठवण होते. २००४ मध्ये मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्काने सोन्याच्या क्षारापासून त्रिकोणी चकत्यांच्या आकाराचे कण मिळविले. हे त्रिकोण अवरक्त प्रकाश चांगलाच शोषतात. तेव्हा खिडक्यांच्या काचांवर त्यांचा लेप देऊन उन्हाची धग अडवावी, अशी सूचना त्याच गटाने पुढे केली. धातूने प्रकाश गिळून उष्णता करावी हा तेथे गुण ठरला. सौरघटात तोच दोष आहे. घटाच्या थरात शोषण वाढले असे दाखविणारा आलेख पुढे आला की हे वाढलेले शोषण बहुवारिकात झाले की धातूत, हे विचारलेच पाहिजे. फिल्मच्या शोषणाचा साधा वर्णपट या दोहोंत भेद करू शकत नाही. तो फक्त प्रकाश परत आला नाही एवढेच सांगतो. तरीही या वर्णपटालाच पुरावा मानणारे लेख थोडेथोडके नाहीत.

ही कल्पना सेंद्रिय घटांच्या क्षेत्रात उसनी आली ती सिलिकनच्या क्षेत्रातून, आणि तेथील घसघशीत आकड्यांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. स्टुअर्ट व हॉल यांनी १९९८ मध्ये पातळ सिलिकनच्या प्रकाशशोधकावर चांदीची सूक्ष्म बेटे निर्माण करून त्याचा प्रतिसाद वाढविला. पिल्लई आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये १.२५ मायक्रॉन जाडीच्या सिलिकन घटात १०५० नॅनोमीटर या तरंगलांबीला प्रवाह १६ पटींपर्यंत वाढल्याचे नोंदविले. अ‍ॅटवॉटर व पोल्मन यांचा २०१० चा सर्वेक्षणलेख सर्वत्र उद्धृत झाला. हे काम उत्तम आहे यात शंका नाही. मात्र १०५० नॅनोमीटरचा प्रकाश इतक्या पातळ सिलिकनमध्ये मुळात जेमतेमच शोषला जातो. जेमतेम गोष्टीची सोळापट मोठी दिसते. शिवाय तेथे उपयोगी पडतात ते मोठे, प्रकाश फेकणारे कण. ते पृष्ठभागावर असतात, घटाच्या पोटात नसतात. सेंद्रिय द्रव्याची प्रकृती अगदी वेगळी आहे. त्याचा शोषणगुणांक सेंटिमीटरला १ लाखाच्या घरात असतो, म्हणजे प्रकाश शोषण्यात ते सिलिकनपेक्षा कितीतरी समर्थ आहे. त्याचा रोग निराळा, आणि निराळ्या रोगावरील औषध त्याला सांगितले गेले.

त्यातही आणखी एक विसंगती आहे. ज्या पी३एचटी या बहुवारिकावर बहुतेक प्रयोग झाले, ते ५०० ते ५५० नॅनोमीटरच्या भागात जोरदार शोषण करते आणि ६५० नॅनोमीटरच्या पलीकडे जवळजवळ काहीच शोषत नाही. या घटाची खरी हानी होत होती ती तांबड्या व अवरक्त प्रकाशाची. पण जेथे द्रव्य प्रकाश शोषतच नाही तेथे क्षेत्र कितीही वाढविले तरी शोषण होणार कसे? उलट सोन्याचे अनुस्पंदन येते ते द्रव्य स्वतःच समर्थपणे काम करीत असते त्या भागात किंवा त्याच्या लगत. तेथे धातू हा मदतनीस कमी आणि वाटेकरी अधिक ठरण्याचा संभव असतो.

सेंद्रिय घटांतील आरंभीच्या कामांपैकी वेस्टफालेन आणि सहकाऱ्यांचे २००० मधील आणि रँड, प्यूमन्स व फॉरेस्ट यांचे २००४ मधील काम आजही वाचण्यासारखे आहे. फॉरेस्ट यांच्या गटाने चांदीचे पुंज घटात घातले होते ते मुळात एकावर एक रचलेल्या दोन घटांमधील भारांना एकत्र येण्याची जागा मिळावी म्हणून. त्या पुंजांभोवती सुमारे १० नॅनोमीटर अंतरापर्यंत शोषण वाढते असे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ते मर्यादेसह नोंदविले. १० नॅनोमीटर हा आकडा नंतर सर्वांनी उद्धृत केला. १०० नॅनोमीटरच्या थरात या १० नॅनोमीटरचे महत्त्व किती, हा हिशेब मात्र थोड्यांनीच केला.

२००८ मधील दोन लेख शेजारी ठेवून वाचावेत अशी आमची शिफारस आहे. दोन्ही एकाच नियतकालिकात आले, दोहोंत द्रव्य तेच, आणि दोहोंत चांदीचे कण पारदर्शक विद्युत् अग्रावर होते. मॉर्फा आणि सहकाऱ्यांनी कार्यक्षमता १.३ टक्क्यांवरून २.२ टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे १.७ पट, वाढल्याचे सांगितले. मोजमापातील अनिश्चितीही त्यांनी प्रामाणिकपणे दिली. किम आणि सहकाऱ्यांच्या घटात ती ३.०५ वरून ३.६९ टक्के झाली, म्हणजे वाढ सुमारे २१ टक्के. सर्वेक्षणलेखांतील कोष्टकांत पहिल्या लेखाचा आकडा मोठा म्हणून अधिक भाव खाऊन जातो. परंतु पहिल्या लेखातील सुधारलेला घट दुसऱ्या लेखातील न सुधारलेल्या घटापेक्षाही दुबळा आहे! दुबळ्या घटाला सुधारण्यास जागा पुष्कळ असते. त्याला चांदीने जे मिळाले ते कदाचित थर थोडा नीट तापविल्याने अथवा त्याची जाडी बदलल्यानेही मिळाले असते. वाढीचे शेकडा प्रमाण सांगताना पाया कोणता हे न सांगणे म्हणजे भाव सांगून वजन न सांगण्यासारखे आहे.

पायाचा हा प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. घटाच्या मागील धातूच्या अग्रावरून परतणारा प्रकाश आणि आत येणारा प्रकाश यांच्या व्यतिकरणामुळे थरातील शोषण जाडीबरोबर सरळ वाढत जात नाही. ते वरखाली होत वाढते. थर अशा एखाद्या खळग्याच्या जाडीचा असला तर कोणताही किरकोळ बदल लाभदायक ठरू शकतो. कण घातल्याने थराची जाडी पाच-दहा नॅनोमीटरने बदलली तरी प्रवाह बदलतो, आणि त्यात प्लाझ्मॉनचा काही संबंध नसतो. म्हणून न्याय्य तुलना 'तोच घट, कणांविना' अशी नसून 'कणांविना साधता येणारा उत्तमात उत्तम घट' अशी असावयास हवी. या कसोटीस उतरणारे लेख हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तरी निघतील की काय, याची आम्हाला शंका आहे.

या सर्व वाङ्मयात आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाँगकाँग विद्यापीठातील फुंग, चॉय आणि सहकाऱ्यांचा २०११ मधील लेख. पारदर्शक अग्र आणि प्रकाश शोषणारा थर यांच्यामध्ये धनभार गोळा करणारा पेडॉट नावाच्या बहुवारिकाचा एक पातळ थर असतो. बहुसंख्य प्रयोगांत सोन्याचे कण याच थरात मिसळले जातात, कारण ते सर्वांत सोपे. या संशोधकांनी गणिताने आणि प्रयोगाने दाखविले की कणांभोवतालचे वाढलेले क्षेत्र मुख्यतः पेडॉटच्या थरातच आडवे पसरते. वरच्या शोषक थरात ते फारसे शिरत नाही. म्हणजे ज्या प्रकाशासाठी हा सारा खटाटोप, तो जेथे हवा तेथे पोहोचतच नव्हता. तरीही घटाची कार्यक्षमता वाढली होती. का? त्यांचे उत्तर असे : कणांमुळे पेडॉटची विद्युत्‌संवाहकता सुधारली, आणि त्याचा पृष्ठभाग खडबडीत होऊन शोषक थराशी त्याचा संपर्क अधिक क्षेत्रफळावर होऊ लागला. वाढ खरी होती. तिचे कारण प्रकाशीय नसून विद्युतीय होते. स्वतः याच विषयात काम करणाऱ्या गटाने हा निष्कर्ष प्रसिद्ध करावा, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे. अशी गोष्ट लिहिण्याने पुढील अनुदान सुलभ होत नाही.

या लेखानंतर तरी पेडॉटमध्ये सोने घालून 'प्लाझ्मॉनमुळे वाढ' असा मथळा देण्याची प्रथा थांबावयास हवी होती. ती थांबली नाही. वस्तुतः कारण ओळखण्याची साधी खूण प्रत्येक लेखाच्या कोष्टकातच असते. प्रकाश अधिक शोषला गेला तर प्रवाह वाढेल. दाब जेमतेम बदलेल, कारण तो प्रवाहाच्या लॉगरिथमच्या प्रमाणात वाढतो. आणि ज्याला भरणगुणक म्हणता येईल तो, म्हणजे दाब-प्रवाहाच्या आलेखाचा चौकोनीपणा, वाढण्याचे काही कारण नाही. भरणगुणक वाढला असेल तर घटातील रोध कमी झाला किंवा भारांचे संकलन सुधारले असे समजावे. तसेच, निरनिराळ्या तरंगलांबींना क्वांटम कार्यक्षमता किती वाढली हे पाहिल्यास ती वाढ अनुस्पंदनाच्या भागात एकवटलेली दिसली पाहिजे. ती सगळ्या वर्णपटावर सारखी पसरलेली असेल तर तिला अनुस्पंदनाचे नाव देण्यास आधार राहत नाही. कण प्रकाश फेकतात, तेव्हा घटाच्या ठरविलेल्या क्षेत्राबाहेर पडलेला प्रकाशही आत वळविला जाण्याचा संभव असतो. मोजमापाच्या वेळी घटावर नेमक्या छिद्राचे आच्छादन होते की नाही हे सांगण्याची तसदीही पुष्कळांनी घेतलेली नाही.

सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील जिंजर यांच्या गटाची कथा अधिक बोधप्रद आहे. २०१० मध्ये त्यांनी चांदीच्या त्रिकोणी चकत्यांवर बहुवारिक-फुलरिनचा थर देऊन विद्युत्‌भारांची निर्मिती तिपटीपर्यंत वाढल्याचे दाखविले. हे मापन घटाच्या प्रवाहाचे नव्हते. थरातील भारांचेच प्रकाशीय रीतीने केलेले होते, आणि म्हणून वरील आक्षेपांपैकी बरेचसे त्याला लागू पडत नाहीत. निर्मिती वाढते, एवढे त्यातून ठामपणे म्हणता येते. पण त्याच गटाने २०१२ मध्ये पुढे शोध घेतला तेव्हा आढळले की चांदी थराला थेट भिडली असता थरातील ऋणभार चांदीवर जाऊन बसतात आणि दीर्घकाळ तेथेच राहतात. चकत्यांवर केवळ २.५ नॅनोमीटर जाडीचे विद्युत्‌रोधक कवच चढविले की हे पूर्णपणे थांबते. येथे या विषयातील खरा पेच उघड होतो. क्षेत्र प्रबळ असते ते धातूच्या लगत, आणि भारांची व एक्सायटॉनांची नासाडी होते तीही तेथेच. कवच चढवावे तर नासाडी टळते, पण प्रत्येक नॅनोमीटरबरोबर क्षेत्रही दुरावते. हा पेच अभियांत्रिकीच्या कौशल्याने सैल करता येईल. तो नाहीसा करता येईल असे मानण्यास जागा दिसत नाही.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लॉस एंजेलिसच्या गटाने २०११ मध्ये दोन घटांच्या जोडणीच्या थरात सोन्याचे कण घालून कार्यक्षमता ५.२२ वरून ६.२४ टक्के केली, आणि २०१२ मध्ये चॉय यांच्याच गटाने शोषक थरात सोन्याचे कण व मागील अग्रावर चांदीची सूक्ष्म जाळी अशी दुहेरी रचना करून ८.७९ टक्के गाठले. या दुसऱ्या प्रयोगात पाया सबळ होता आणि मागच्या अग्राला नक्षी देण्याची कल्पना तर आम्हाला कणांच्या कल्पनेपेक्षा अधिक विचारपूर्वक वाटते, कारण ते अग्र घटात असतेच. नवी हानी करणारा धातू तीमुळे आत येत नाही.

परंतु याच वर्षांत रसायनशास्त्रज्ञ काय करीत होते ते पाहावे. २०१० मध्ये पीटीबी७ या नव्या बहुवारिकाने, कोणत्याही धातुकणांविना, ७.४ टक्के दिले. २०१५ मध्ये फुलरिनऐवजी आयटीआयसी हा नवा रेणू आला. २०१९ मध्ये वाय६ या रेणूने कार्यक्षमता १५.७ टक्क्यांवर नेली. २०२० मध्ये १८ टक्क्यांची आणि त्यानंतर चारएक वर्षांत २० टक्क्यांची मर्यादा ओलांडली गेली. या रेणूंनी तांबडा व अवरक्त प्रकाश स्वतःच शोषला. म्हणजे जी उणीव भरून काढण्यासाठी सोन्याचांदीला पाचारण केले होते ती द्रव्यातच भरून निघाली. या विक्रमी घटांच्या यशाचा वृत्तांत वाचताना धातुकण कोठेच भेटत नाहीत. पेरोव्स्काइट घटांतही ऑक्सफर्डच्या गटाने २०१३ मध्ये कवचयुक्त सोन्याचे कण घालून १०.७ वरून ११.४ टक्के मिळविले; पण शोषण वाढले हे त्याचे कारण नव्हे, असे त्या लेखकांनीच म्हटले.

हे सर्व लिहिण्याचे कारण केवळ पाश्चात्त्य अथवा चिनी प्रयोगशाळांचे उणे काढणे हे नाही. आपल्याकडे ज्या विभागात उष्णपट्टी, काचपात्रे आणि एक साधा वर्णपटमापक एवढीच सामग्री असते तेथे सोन्याचे कलिल तयार करून ते पेडॉटमध्ये मिसळणे हा प्रबंधाचा अत्यंत सोयीस्कर विषय ठरतो. कलिलाचा रंग सुंदर येतो, वर्णपटातील शिखर हमखास मिळते, आणि घट मुळात दुबळा असल्याने वाढही हमखास मिळते. विद्यार्थ्याची तीन-चार वर्षे त्यात जातात. परीक्षक म्हणून असे प्रबंध हाती आले असता प्रस्तुत लेखकाला विद्यार्थ्याचा राग कधी आला नाही. मार्गदर्शकाने त्याला एकच प्रयोग अधिक करावयास का लावला नाही, हे कोडे मात्र दर वेळी पडले. तो प्रयोग महाग नाही. सोन्याच्या कणांच्याच आकाराचे आणि तेवढ्याच संख्येचे सिलिकाचे कण त्याच थरात मिसळून दुसरा घट करावयाचा. सिलिकाला प्लाझ्मॉन अनुस्पंदन नाही. पृष्ठभाग ते खडबडीत करतील, जाडीही बदलतील. या घटातही कार्यक्षमता तितकीच वाढली तर प्रबंधाचा मथळा बदलावा लागेल. ती वाढली नाही तरी संवाहकतेचा प्रश्न उरेल, कारण सिलिका वीज वाहून नेत नाही. त्यासाठी कण मिसळलेल्या व न मिसळलेल्या पेडॉटचा रोध वेगळा मोजावा लागेल. तेही एका दुपारचे काम आहे.